गरज होती, असं मी सांगितलं

आये, तुझा धाकटा गेला. हे तुला सांगायचं राहिलंय असं मला गेले चार महिने वाटतंय. तू जाऊन बावीस वर्षं झाली हे ठाऊक असूनही ते वाटणं कमी होत नाही. तुला वाचता येत नव्हतं. माझ्या नोकरीचा कागद आला तेव्हा तू तो उलटा धरून कितीतरी वेळ बघत होतीस आणि मग म्हणालीस, "अक्षर बरां आसा." टाईप केलेला कागद होता तो. मी हसले होते. आता लिहिताना वाटतं, तसंच कोणीतरी हे कागद हातात धरून नुसते बघावेत. वाचायचं काही नाही त्यात.

तू जाताना दवाखान्याच्या खाटेवर पडल्या पडल्या मला एवढंच म्हणालीस, "तेका बघ गो. तो साधो आसा." चोवीस वर्षांचा होता तेव्हा. मी बघितलं, आये. लग्न लावून दिलं, घराला स्लॅब घातला. मासेमारीत त्याचं मन रमलं नाही. जाळं ओढताना तो मेलेल्या माशांकडे बघत राहायचा म्हणून बोटीचा म्होरक्या, तो तांडेल, त्याच्यावर खेकसायचा, हे तुलाही माहीत होतं. पुढे मालवणात फिरायला येणारी माणसं वाढली तेव्हा त्याने छोटी बोट घेतली. किल्ल्यावर माणसं न्यायची, सकाळी लवकर डॉल्फिन दाखवायचे. डॉल्फिन दिसले नाहीत तर तो गंभीर चेहरा करून सांगायचा, "आज त्यांची सुट्टी आहे." माणसं हसायची आणि दुसऱ्या दिवशी परत यायची. आयुष्यभर त्याने बाहेरून आलेल्यांना आपला समुद्र दाखवला आणि स्वतः कोल्हापूरच्या पुढे कधी गेला नाही. लग्नाला वीस वर्षं झाली तेव्हा बायकोने विचारलं, तुम्हाला काय हवंय. तर हा म्हणतो, "माका बर्फ बघूचो आसा. फ्रिजातलो नको, डोंगरावरचो." मे महिन्याची गर्दी सुरू व्हायच्या आत आठ दिवस काश्मीरला जाऊन यायचं ठरलं. तिकिटं मीच काढली, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, जेवणाच्या सुट्टीत. त्याला खिडकीची जागा मिळावी म्हणून मी तीनदा पहिल्यापासून फॉर्म भरला.

चौथ्या दिवशी त्याचा फोन आला. आवाजात नुसता वारा. "ताय, बर्फ हातात घेतल्यार भाजता गो." मी म्हटलं, मोजे घाल. तेच माझं त्याच्याशी शेवटचं बोलणं. दुसऱ्या दिवशी ती दोघं कुठेतरी वाटेत चहाला उतरली होती. झाडीतून माणसं आली, त्यांच्या हातात बंदुका होत्या, आणि त्यांनी फिरायला आलेल्या माणसांवर गोळ्या झाडल्या. तुझ्या झिलाच्या दोन्ही हातांत चहाचे कप होते. भावजय गाडीतून शाल काढायला वळली होती, म्हणून वाचली. ती एवढंच सांगते. त्या माणसांचे चेहरे कसे होते असं पोलिसांनी, पत्रकारांनी, शेजाऱ्यांनी तिला किती वेळा विचारलं असेल. ती म्हणते, माका फक्त कप दिसतत.

त्याला गोव्याच्या विमानतळावरून आणलं. बांद्यापासून मालवणापर्यंत प्रत्येक नाक्यावर माणसं उभी होती, हातात झेंडे घेऊन, तो अमर राहो म्हणून ओरडत होती. मी पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसले होते. जो मेलेल्या बांगड्याकडे बघत जाळं ओढायचं विसरायचा त्याच्या नावाने मुठी वळल्या होत्या. वाईट नाही वाटलं. खरं सांगायचं तर आधार वाटला. त्या दिवशी बंदरातली एकही बोट सुटली नाही. बोटवाले स्मशानाच्या वाटेवर रांगेत, टोप्या काढून उभे होते. तू असतीस तर तुला बरं वाटलं असतं असं एक जण मला म्हणाला. 

मग कॅमेरे आले. आपल्या दारात, आये, तुळशीपाशी. एका मुलीने माझ्या तोंडासमोर माईक धरला आणि विचारलं, "ताई, सरकारकडे तुमची काय मागणी आहे?" मी तहसील कार्यालयातली बाई. एकतीस वर्षं मी लोकांचे अर्ज वाचतेय, 'मागणी' म्हटलं की माझं वाक्य आपोआप तयार होतं. मी म्हणाले, "ज्यांनी हे केलं त्यांना सोडू नका. त्यांच्या घरात शिरून मारा. आम्हाला न्याय हवा आहे." शुद्ध मराठीत, एकही शब्द न अडखळता. ते दोन दिवस सगळ्यांच्या फोनवर फिरलं. ऑफिसात साहेबांनी उठून हात जोडले. म्हणाले, आमच्या सगळ्यांच्या मनातलं बोललात.

नोकरी लागल्यावर पहिल्या महिन्यात एकदा मी घरात तशी बोलले होते, तुला आठवतं का? चुलीपुढे तू भाकरी थापत होतीस आणि मी म्हणाले, "मला आज फारशी भूक नाही." तू भाकरी तव्यावर टाकलीस, हाताचं पीठ झाडलंस. "ती भाषा हाफिसात ठेवून ये. हंय माका माझा चेडू होयां." तुझ्या त्या चेडवाला, मला, इतका राग आला होता. पण त्याच आठवड्यात तू सुताराकडून मला खुर्ची करून आणलीस, फणसाच्या लाकडाची. आपल्या घरात तोवर कोणी खुर्चीवर बसलं नव्हतं. तू कधीच बसली नाहीस त्यावर, तुला चक्कर आल्यासारखं होतं म्हणायचीस. आता मला वाटतं, त्या माईकवाल्या मुलीने मला मालवणीत विचारलं असतं, काय गो बाय, तुका काय होयां, तर मी काय म्हणाले असते? माका माझो भाव होयो, एवढंच म्हणाले असते. पण ते काही कोणाकडे मागता येण्यासारखं नव्हतं.

तू मवाळ होतीस असं मी कोणाला सांगणार नाही. तो नऊ वर्षांचा असताना त्याने त्याच तांडेलाच्या गळाची दोरी गुंतवली म्हणून तांडेलाने त्याला काठी मारली होती. कपाळाला पाच टाके पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव चालू असताना तू तुझी मासे विकायची पाटी खाली ठेवलीस, साडीचा पदर खोचलास आणि पन्नास माणसांसमोर त्या तांडेलाच्या थोबाडीत मारलीस. मी बघितलंय. तो गालाला हात लावून उभा राहिला. त्यानंतर महिनाभर त्याने आपल्या वाडीतल्या कुठल्याच बाईला मासळी दिली नाही. तुला तर नाहीच, पण बाजारात तुझ्या शेजारी बसायची ती विधवा बाई, तिलाही नाही. तिचा काय संबंध होता? तिचं घर त्याच पाटीवर चालायचं. तू रोज पहाटे देवबागेपर्यंत चालत जाऊन मासळी आणू लागलीस आणि त्यातली अर्धी तिच्या पाटीत टाकू लागलीस. एकदा तू विळीवर नारळ खवत असताना मी विचारलं, "आये, तेका मारलंस तां चुकला काय?" तू मान वर न करता म्हणालीस, "चुकाक नाय. परत मारीन." आणि नारळाची ती वाटी खवून संपवलीस. मग म्हणालीस, "पण तिच्या पाटयेत मासो नाय, तो माझ्यामुळे नाय. तांय खरां." आणि कालवणाचं टोप माझ्या हातात देऊन मला तिच्याकडे पाठवलंस. मी बारा-तेरा वर्षांची होते. मोठी माणसं दोन्हीपैकी एक काहीतरी ठरवतात अशी माझी समजूत होती. तू ठरवलं नाहीस.

दिवसकार्यं आटोपली, आणि दोन दिवसांनी सकाळी बातमी आली की आपल्या विमानांनी पलीकडे जाऊन मारा केला. चार दिवस लढाई चालली. टीव्हीवर नकाशे, लाल ठिपके, ओरडणारी माणसं. भावजय टीव्हीकडे पाठ करून तांदूळ निवडत बसायची. सीमेवरच्या गावांवर तिकडून तोफगोळे पडत होते. लोक गुरं सोडून, घरं टाकून शाळांतून राहायला गेले होते. पलीकडचाही एक फोटो कोणीतरी मला पाठवला, पडलेल्या घराचा. एक बाई भांड्यांच्या ढिगात बसली होती आणि तिच्या हातात एक झाकण होतं, टोपाचं. पाठवणाऱ्याने खाली हसण्याचं चिन्ह टाकलं होतं. मी तो फोटो पुसून टाकला. मग पुसला म्हणून दिवसभर अस्वस्थ होते. चौथ्या दिवशी संध्याकाळी लढाई थांबल्याचं सांगितलं. भावजय म्हणाली, "म्हणजे झाला सगळा?" मी म्हटलं, झाला. ती उठली, त्याचा बोटीवर घालायचा निळा शर्ट खुंटीवरून काढला आणि धुवायला नेला. किती दिवस तिने तो धुतला नव्हता, मला माहीत नाही. त्याचा वास जाईल म्हणून ती कोणाला हात लावू देत नव्हती.

लोक वाद घालतात. ऑफिसात चहाच्या वेळी अजून चालतो. एक म्हणतो, गप्प बसलो असतो तर पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाचा भाऊ. आये, ते मला खोटं वाटत नाही. दोन्ही हातांत कप धरलेल्या माणसाला मारून कोणी सुखाने घरी जाऊन झोपावं, हे मला आजही सहन होत नाही. दुसरा म्हणतो, ज्यांनी गोळ्या झाडल्या ते कुठे सापडले, आणि चार दिवसांत मेली ती माणसं कोण होती. तेही मला खोटं वाटत नाही. मी आत आले की दोघं गप्प होतात. माझ्यासमोर हे बोलू नये असं त्यांना वाटतं. की मी काहीतरी सांगावं असं वाटतं? मी रजिस्टर उघडते.

त्या चार दिवसांत आपल्या जिल्ह्यातला एक सैनिक गेला. खारेपाटणच्या बाजूचा, सव्वीस वर्षांचा. तोफगोळ्याचा तुकडा लागून. ही बातमी मी ऑफिसात ऐकली आणि हातातलं रजिस्टर मिटून ठेवलं. जूनमध्ये तिकडच्या एका तलाठ्याबरोबर निरोप आला, त्या मुलाच्या आईला टीव्हीवरच्या ताईंना भेटायचंय. मी तीन आठवडे टाळलं. पाऊस आहे, ऑडिट आहे. शेवटी एका रविवारी एसटीने गेले. जाताना काय न्यायचं ते सुचेना. आपल्याकडे दुःखाच्या घरी चहा-साखर नेतात, ती नेली.

पडवीत ती बसली होती, फणसाच्या आठळ्या सोलत. माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी असेल. मला बघून उठली नाही, बाजूला सरकली आणि जागा केली. मी बसले. तिने माझ्यापुढे मूठभर आठळ्या टाकल्या, तशा मी सोलू लागले. बराच वेळ ती माझ्या भावाबद्दल विचारत राहिली. वय काय, मुलं किती, बोलायचा कसा. मी डॉल्फिनच्या सुट्टीचं सांगितलं तर हसली. मग म्हणाली, "माझो झीलव तसोच. फोनार सांगा, आये, हंय रोज चिकन. आणि थंय काय खाय तो, देवाक ठावक." भिंतीवर त्याचा गणवेशातला फोटो होता, हार सुकलेला. मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते हे तिच्या लक्षात आलं असावं. ती म्हणाली, "तुझ्या भावासाठी गेलो तो."

मला वाटलं, आता ती मला बोलेल. मी तयार होते. तू माईकसमोर म्हणालीस घरात शिरून मारा, आणि माझा मुलगा मेला, असं ती म्हणाली असती तर मी तिचे पाय धरले असते. ती तसं काही म्हणाली नाही. तिने हातातली आठळी ठेवली, माझा हात आपल्या हातात घेतला. आठळीच्या चिकाने तिची बोटं चिकट झाली होती. अगदी हळू, कोणाला ऐकू जाऊ नये असं तिने विचारलं, "सगळे येतत, सगळे सांगतत. मोठे मोठे लोक इले. तेंका काय, ते सांगतलेच. तुझो भाव गेलो, तू खोटां सांगूचस नाय. माका सांग गो बाय. गरज होती मां?"

आये, मी एकतीस वर्षं सरकारी टेबलावर काढली. माझ्याकडे प्रत्येक प्रश्नाला तीन उत्तरं असतात.  नाही म्हटलं तर तिच्या हातात काय उरत होतं? होय म्हटलं तर मी पुन्हा एकदा तिच्या मुलाला तिकडे पाठवत होते, या वेळी त्याचं नाव, त्याचं हसणं, त्याचं चिकन ठाऊक असताना. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणाले, "होती, आवशी. गरज होती." आपल्या भाषेत म्हणाले. तिने डोळे मिटले आणि मान हलवली, दोनदा. मग माझा हात सोडून पुन्हा आठळ्या घेतल्या. थोड्या वेळाने म्हणाली, "चाय घेवन जा."

त्या मुलाची बायको चहा घेऊन आली. चोवीस-पंचवीसची पोर, घाटावरची.  मी निघाले तेव्हा छत्री घेऊन रस्त्यापर्यंत पोचवायला आली. गेटपाशी थांबली आणि म्हणाली, "ताई, सासूबाईंना म्हणालात ते बरं केलंत. त्यांना झोप लागेल आता. पण मला नका सांगू. मी विचारलेलं नाही." मी म्हटलं, नाही सांगत. ती म्हणाली, "तुम्हाला तरी खरं वाटतं का?"  पाऊस होता, छत्रीखाली आम्ही दोघी अगदी जवळ उभ्या होतो. तिने उत्तराची वाट बघितली नाही. एसटी येईपर्यंत थांबली मात्र. मी गाडीत चढल्यावर तिने खालून विचारलं, "सीट मिळाली का?" मी हो म्हटलं.

तेव्हापासून मी स्वतःला विचारतेय, खोटं बोलले का. कधी वाटतं, नाही बोलले. कधी वाटतं, त्या आईपुढे मी बोलले ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं आहे, आणि सगळ्यात दयेचंही. तुझ्यासारखं मला नाही जमत. तू म्हणालीस, परत मारीन, आणि त्या विधवेची रिकामी पाटी माझ्यामुळे. पण तू रोज देवबागेपर्यंत चालत जात होतीस, आये, आणि मासळी अर्धी करून देत होतीस. मी कुठे चालत जाऊ? या आईच्या पाटीत काय टाकू? दर रविवारी मी तिला फोन करते. ती म्हणते, बरी आसंय. मी म्हणते, मीव बरी आसंय. मग ती पावसाचं विचारते.

हे कागद आठ झाले. कुठे पाठवणार, कुठे ठेवणार, हे लिहिताना ठरवलं नाही. भावजयीच्या हाती लागू नयेत म्हणून फाडीन बहुतेक. पण एक गोष्ट सांगायची राहिली. ती मी कोणालाच सांगितलेली नाही.

लढाई सुरू झाल्याची बातमी आली त्या सकाळी मी बाजारात गेले. तो गेल्यापासून मी पेज आणि चहावरच होते. तेरावं होऊन गेलं होतं, मासे आणायला हरकत नव्हती, पण घरात कोणाला इच्छा नव्हती. त्या दिवशी मी ताजे बांगडे आणले, तिरफळं घालून तुझ्यासारखं तिखलं केलं आणि दुपारी एकटीच जेवायला बसले. दोनदा भात घेतला. काटे चोखले. हात धुताना मला बरं वाटत होतं, आये, हलकं वाटत होतं. त्या मुलाला तुकडा लागला तो त्याच दुपारी, दीडच्या सुमाराला. त्याची आई आठळ्या सोलता सोलता मला सांगत होती आणि मी मनात वेळ जुळवत होते. दीडला मी दुसऱ्यांदा भात वाढून घेत होते. मला त्याची लाज वाटते. पण त्या जेवणाची आठवण झाली की अजूनही माझ्या तोंडाला पाणी सुटतं.